भट्टीच्या तासांचा हिशेब

२०२३ सालच्या जुलै महिन्यात प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिननिर्मात्या कंपनीच्या मालक संस्थेने असे जाहीर केले की, एअरबस ए-३२० निओ जातीच्या विमानांना बसविलेल्या तिच्या इंजिनांतील काही चक्रे ज्या निकेलप्रधान धातुचूर्णापासून घडविली जातात, त्या चूर्णात सूक्ष्म अशुद्धी राहून गेली होती, आणि सबब शेकडो इंजिने ठरल्या मुदतीपूर्वीच विमानांवरून उतरवून तपासावी लागतील. या एका निवेदनाचे परिणाम भारतीय प्रवाशालाही भोगावे लागले. कित्येक विमाने महिनोन्‌महिने विमानतळांवर उभी राहिली. त्या काळात वर्तमानपत्रांतून जे लिहिले गेले ते बहुतेक भाडेवाढ, रद्द झालेली उड्डाणे आणि नुकसानभरपाई यांविषयीचे होते, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या प्रकरणातील सर्वांत विचारणीय गोष्ट दुर्लक्षितच राहिली. या बाबतीत चक्रांचा आराखडा चुकला नव्हता. मिश्रधातूत कोणते घटक किती प्रमाणात असावेत हेही शास्त्राने नीट ठरविलेले होते. चूक झाली ती कच्च्या धातूपासून तयार चक्रापर्यंतच्या त्या दीर्घ प्रक्रियेत, जिचे नाव कोणत्याही जाहिरातीत येत नाही आणि जिच्यावर संसदेत कधी प्रश्न विचारला जात नाही.

आपल्या देशात जेट इंजिनाविषयी जे बोलले जाते त्याची तऱ्हा याहून वेगळी नाही. तेजस विमानांसाठी २०२१ साली ९९ अमेरिकी इंजिनांची मागणी नोंदविली गेली आणि तीतले पहिले इंजिन हाती पडावयास मार्च २०२५ उजाडला, तेव्हा विलंबाबद्दल रोष व्यक्त झाला. १९८९ साली हाती घेतलेला कावेरी इंजिनाचा प्रकल्प २००८ साली तेजसपासून विलग करण्यात आला, तेव्हा संशोधनसंस्थांवर टीका झाली. आणि एखाद्या परदेशी कंपनीशी नवा करार होऊ घातला की, तंत्रज्ञानाचे किती टक्के हस्तांतरण होणार या एकाच आकड्याभोवती सारा वाद फिरू लागतो. या सर्व वादांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती ही की इंजिनाचे रहस्य कागदावर असते आणि तो कागद हाती आला की इंजिन झाले. मला हे गृहीत मुळातच चुकीचे वाटते. इंजिनाच्या तप्त भागांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मिश्रधातूंची घटकसूची कोणत्याही चांगल्या तांत्रिक ग्रंथालयात मिळते. त्यांतल्या कित्येकांच्या एकस्वांची मुदत केव्हाच संपलेली आहे. तरीही ते धातू त्यांच्या पुऱ्या बळानिशी घडवून इंजिनात चालविणारे देश बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत. याचे एक मोठे कारण असे की, घटक एकत्र वितळविल्याने त्या धातूला फारसे बळ येतच नाही. ते येते भट्टीत, ठरावीक तापमानात, ठरावीक तास ठेवल्याने. आणि हे तास काटेकोर पाळण्याची शिस्त कोणत्याही करारनाम्याच्या परिशिष्टात बांधून पाठविता येत नाही.

या विद्येचा आरंभ निकेलपासून झाला नाही. १९०६ साली बर्लिनजवळच्या एका संशोधनसंस्थेत आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियमात थोडे तांबे आणि मॅग्नेशियम घालून, तो धातू तापवून व पाण्यात बुडवून, पोलादाप्रमाणे तो कठीण होतो की काय हे पाहत होता. ताबडतोब केलेल्या चाचणीत विशेष काही आढळले नाही. परंतु तोच तुकडा दोनएक दिवस नुसता पडून राहिल्यावर पुन्हा तपासला, तेव्हा त्याचे काठिण्य स्पष्टपणे वाढलेले होते. त्यातून ड्युरॅल्युमिन निघाले, आणि त्याच्या सांगाड्यांवर पुढे झेपेलिन आकाशात गेली. असे का घडते याचे उत्तर मात्र खुद्द विल्मपाशी नव्हते. ते १९१९ साली अमेरिकेत पॉल मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुचविले, आणि त्याचा प्रत्यक्ष पुरावा १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए व इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने दिला. म्हणजे कारखाने ज्या गोष्टीच्या बळावर विमाने बांधत होते, तिचे कारण डोळ्यांना दिसावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

ते कारण असे आहे. ऊन पाण्यात साखर पुष्कळ विरघळते आणि पाक निवला की जास्तीची साखर स्फटिकांच्या रूपाने खाली बसू लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. घन धातूच्या अंतरंगातही नेमके हेच घडते. धातू पुरेसा तापविला की त्यातील उपघटकांचे अणू मुख्य धातूच्या स्फटिकात सर्वत्र विरून जातात. त्यानंतर तो झपाट्याने थंड केला तर त्या अणूंना बाहेर पडावयास सवडच मिळत नाही आणि ते अडकून राहतात. आणि मग मध्यम तापमानात तो धातू कित्येक तास ठेवला म्हणजे ते अणू हळूहळू एकत्र येऊन मुख्य धातूच्या पोटातच अतिसूक्ष्म कण निर्माण करतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरत असतात. हे कण त्या घसरणीच्या वाटेत उभे राहतात. कण फार बारीक आणि विरळ असतील तर थर त्यांना कापून निघून जातात. ते फार मोठे होऊन एकमेकांपासून दूर गेले तर थर त्यांना वळसा घालून पुढे सरकतात. ज्या आकाराला आणि ज्या अंतराला अडथळा सर्वाधिक होतो तो मधला टप्पा गाठणे, आणि तो गाठताच थांबणे, हे या उष्णतासंस्करणाचे, म्हणजे कारखान्यात ज्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात त्याचे, सारे मर्म होय. पहिल्या पायरीला तेथे सोल्युशनिंग म्हणतात आणि दुसरीला एजिंग.

निकेलची निवड का झाली, हेही पाहण्यासारखे आहे. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला आपली स्फटिकरचनाच बदलते. निकेल मात्र १४५५ अंशांना वितळेपर्यंत आपली रचना सोडत नाही. त्यात क्रोमियम घातले की पृष्ठभागावर प्राणिदाचा घट्ट पापुद्रा धरतो आणि तप्त वायूंपासून धातूचे रक्षण होते. विजेच्या शेगडीची तार याच निकेल-क्रोमियमची असते. १९२९ च्या सुमारास बेडफर्ड, पिलिंग आणि तोच पॉल मेरिका यांनी या मिश्रणात टायटॅनियम व ॲल्युमिनियम यांचा अल्पांश घातला, तेव्हा तापलेल्या अवस्थेतले त्याचे बळ लक्षणीय वाढले. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनासाठी बर्मिंगहॅमच्या धातुशास्त्रज्ञांना हीच वाट उपयोगी पडली. मे १९४१ मध्ये त्या इंजिनावर विमान प्रथम उडाले तेव्हा टर्बाइनची पाती पोलादाचीच होती. परंतु लवकरच निमोनिक ८० आणि १९४४ साली निमोनिक ८०-ए हे धातू सिद्ध झाले. त्यांतल्या दुसऱ्याचे विहित संस्करण १०८० अंशांना आठ तास आणि नंतर ७०० अंशांना सोळा तास असे आहे. म्हणजे एक संपूर्ण दिवस-रात्र केवळ भट्टीत जाते. याच काळात जर्मनीपाशी इंजिनाचा आराखडा तोलामोलाचा होता, किंबहुना काही बाबतींत पुढारलेला होता. परंतु निकेलची चणचण असल्यामुळे त्यांना आपल्या युमो ००४ इंजिनाची पाती निकेल टाळून केलेल्या पोलादाची घडवावी लागली, आणि ते इंजिन साधारण दहा ते पंचवीस तास चालले की निकामी होत असे. ब्रिटिशांचे वेलंड इंजिन १८० तासांनी दुरुस्तीस काढले जाई. आराखड्याचे श्रेष्ठत्व आणि धातूचे श्रेष्ठत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिली फार दूर जात नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

निकेलच्या पोटात जे कण जन्मतात त्यांना शास्त्रात गॅमा प्राइम असे नाव आहे. तीन अणू निकेलचे आणि एक ॲल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा, अशी त्यांची घडण असते, आणि त्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. त्यांच्या स्फटिकाचे माप सभोवतालच्या निकेलशी इतके जुळते, की फरक शेकडा एकाहूनही सामान्यतः कमी भरतो; यामुळे कण आणि भोवतालचा धातू यांच्यामध्ये कोठे खिंडार पडत नाही, आणि कण दीर्घकाळ स्थिर राहतात. परंतु यातली खरी विस्मयकारक गोष्ट निराळीच आहे. बहुतेक सर्व धातू तापले की दुबळे होतात, हा सृष्टीचा सर्वसाधारण नियम. गॅमा प्राइमचे बळ मात्र तापमानाबरोबर वाढत जाते आणि सुमारे ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान ते शिगेला पोहोचते. त्याच्या अंतरंगातली घसरण उष्णतेमुळे एका प्रतलातून दुसऱ्या प्रतलात वळते आणि तेथेच अडकून बसते. निसर्गाने जणू हा एक अपवाद मानवाच्या हाती राखून ठेवला होता असे वाटावे, इतका हा योग अपूर्व आहे, आणि आजचे प्रत्येक प्रवासी विमान या अपवादावर उडते. इंजिनातले वायू १५०० अंशांच्याही वर, म्हणजे धातूच्या स्वतःच्या वितळबिंदूच्याही वर, तापलेले असतात. पात्याच्या आतून थंड हवा खेळवून आणि वर मृत्तिकेचा लेप देऊन धातू कसाबसा हजार-अकराशे अंशांत राखला जातो. आणि त्या अवस्थेत प्रचंड वेगाने फिरत असताना त्याने हजारो तासांत केसभरही लांबावयाचे नाही, अशी अपेक्षा असते. तापलेल्या धातूच्या या अत्यंत मंद लांबण्याला विसर्पण म्हणतात. अभियंते त्याला क्रीप म्हणून ओळखतात, आणि टर्बाइनच्या पात्याचे आयुष्य बहुधा त्यानेच ठरते.

आज जगात सर्वाधिक वापरला जाणारा निकेलप्रधान मिश्रधातू इन्कोनेल ७१८ हा होय. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथे हर्बर्ट आइझेलस्टाइन यांनी तो सिद्ध केला आणि १९६२ साली त्याचे एकस्व मिळाले. त्यात सुमारे पाच टक्के नायोबियम असते आणि मुख्य बळ नायोबियमाच्या कणांनी येते. हे कण फार सावकाश जन्मतात, आणि त्या सावकाशपणातच या धातूची थोरवी आहे. त्यापूर्वीचे अनेक मिश्रधातू जोडकाम करून पुन्हा तापविले की, कण घाईने तयार झाल्यामुळे जोडाजवळ तडकत असत. ७१८ मध्ये कण बाहेर पडण्यापूर्वी जोडाजवळचे ताण निवळावयास अवधी मिळतो, म्हणून तो तडकत नाही. त्याचे प्रचलित संस्करण असे: सुमारे ९८० अंशांना एक तास, मग थंड करून ७२० अंशांना आठ तास, तेथून तासाला ५५ अंश या गतीने भट्टीतच उतरवीत ६२० अंशांपर्यंत, तेथे पुन्हा आठ तास. पहिल्या पायरीनंतर ब्रिनेल मापाने २७७ च्या खाली असलेले त्याचे काठिण्य या अठरा तासांनंतर किमान ३३१ वर जाते, आणि कायमचे न वाकता जो ताण तो झेलतो तो जवळजवळ दुपटीने वाढतो. एवढ्यासाठी त्यात एक कणही नवा घालावा लागत नाही.

हे अठरा तास प्रत्यक्षात कसे पार पडतात, ते वाचकाने एकदा रात्रपाळीत एखाद्या चांगल्या भट्टीपाशी उभे राहून पाहावे. भाग भट्टीत भरण्यापूर्वी ते कटिंग ऑइल, ग्रीस, मार्करची शाई, यांपासून पूर्णपणे निर्मळ केले जातात, कारण त्यांतला गंधक किंवा शिसे तप्त निकेलच्या कणसीमांत शिरले की धातू ठिसूळ होतो. पुसलेल्या भागाला पुन्हा उघड्या हाताने शिवण्याचीही मुभा नसते. जाळीवर भाग एकमेकांना न टेकता मांडले जातात. सर्वांत जाड भागाला आणि सर्वांत पातळ भागाला तापमान मोजणाऱ्या तारा, म्हणजे थर्मोकपल, बांधले जातात. मग दार बंद होते, पंप हवा ओढून घेतो, आणि तापमानाची रेषा चार्टवर चढू लागते. आठ तासांची गणती भट्टीने ७२० अंश दाखविले त्या क्षणापासून होत नाही; सर्वांत थंड थर्मोकपल मर्यादेत आला त्या क्षणापासून ती होते, आणि हा क्षण कोणता हे भट्टीचालकाला आपल्या सहीने लिहावे लागते. या मोजणाऱ्या तारांचेही आयुष्य असते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या के-प्रकारच्या थर्मोकपलच्या दोन्ही तारा निकेलच्याच मिश्रधातूंच्या असतात, आणि वारंवार तापून त्यांचे वाचन हळूहळू सरकत जाते. म्हणून विमानोद्योगाच्या मापनविषयक प्रमाणकाप्रमाणे भट्टीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत अनेक थर्मोकपल ठेवून सर्वेक्षण करावे लागते. पहिल्या वर्गाच्या भट्टीत कोणत्याही कोपऱ्यातले तापमान ठरल्या अंकापासून तीन अंशांहून अधिक ढळता कामा नये, पाचव्या वर्गात चौदा अंशांपर्यंत सवलत असते. पहाटे चार वाजता चार्टवरची रेषा पाच अंश खाली सरकलेली पाहून ती तशीच का सरकली याचा शोध घेणारा, आणि शोध लागेपर्यंत तो माल बाजूला ठेवणारा माणूस, माझ्या मते, इंजिन घडविणाऱ्यांच्या पहिल्या पंक्तीत बसण्यास पात्र आहे.

कारण या कामात झालेली चूक दिसत नाही. नीट संस्कार झालेला भाग आणि बिघडलेला भाग एकाच रंगाचे, एकाच वजनाचे, एकाच मापाचे असतात. काठिण्याची चाचणी करावी तर तीही कधीकधी फसवते; सोल्युशनिंगचे तापमान मर्यादेबाहेर गेल्याने स्फटिककण आतून फुगलेले असले तरी पुढच्या एजिंगनंतर काठिण्याचा आकडा बिनचूक येऊ शकतो, आणि तो भाग पुढे कंपनांच्या माऱ्याखाली अकाली तडकतो. गुणवत्ताशास्त्रात अशा कामाला विशेष प्रक्रिया म्हणून वेगळे काढलेले आहे, कारण तिचा निकाल तयार मालावरून पुरता ताडून पाहता येत नाही. तेव्हा खरेदीदाराच्या हाती उरते ती भट्टीची नोंद. ती नोंद खरी असेल तर धातू खरा. २०१७ च्या ऑक्टोबरात जपानच्या कोबे स्टील या जुन्या, प्रतिष्ठित कंपनीला कबूल करावे लागले की, तिच्या काही कारखान्यांत ॲल्युमिनियम व तांब्याच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलून लिहिले जात होते. तो माल सुमारे पाचशे ग्राहकांकडे गेलेला होता, आणि त्यांत विमाने व गाड्या बनविणारे कारखानेही होते. नोंदवहीतला एक आकडा बदलणे ही कारखान्यात क्षुल्लक वाटणारी गोष्ट आकाशात किती गंभीर होते, याचा विचार त्या आकड्याला हात लावणाराने केला नसावा.

आता आपल्याकडचा शिरस्ता पाहा. पुण्याच्या भोसरी-चिंचवडपासून नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंत उष्णतासंस्करणाचे शेकडो लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांतले कित्येक आपले काम निष्ठेने करतात. परंतु बहुतांश काम आजही जॉब वर्क म्हणून, किलोच्या दराने, दिले जाते. टेम्पोतून माल येतो, काट्यावर तोलला जातो, दोन दिवसांनी परत जातो, आणि बिलावर वजन व दर एवढाच मजकूर असतो. साध्या पोलादी गिअरपुरते हे चालून जाते. परंतु ज्या कामाची खरी किंमत तापमानाच्या अचूकतेत, तासांच्या संख्येत आणि नोंदीच्या सचोटीत आहे, त्याचा मोबदला वजनावर ठरवला की, भट्टीवाल्याचा सारा फायदा एकाच गोष्टीत उरतो: भट्टीत जास्तीत जास्त माल कोंबावा आणि तो शक्य तितक्या लवकर बाहेर काढावा. धातूला नेमके याच्या उलट हवे असते. सरकारी खात्यांची सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्याची पद्धत हा दोष आणखी पक्का करते. जो भट्टीवाला थर्मोकपल वेळेवर बदलतो, सर्वेक्षण नियमाने करवितो आणि मध्येच वीज गेली तर तो घाणा पुन्हा पहिल्यापासून तपासतो, त्याचा दर साहजिकच अधिक असतो, आणि म्हणूनच तो निविदेत मागे पडतो. यात कोणा एका व्यक्तीची लबाडी नाही. दर ठरविण्याची रीतच चुकीची आहे, आणि ती बदलणे आपल्या हाती आहे.

आपल्याला हे काम येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. हैदराबादची संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळा आणि १९७३ साली स्थापन झालेला मिश्र धातू निगम हा सार्वजनिक कारखाना यांनी निकेलचे अनेक मिश्रधातू देशात घडविले आहेत. टर्बाइनचे पाते एकाच अखंड स्फटिकाचे ओतण्याची जी विद्या अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रवासी विमानांत वापरात आली, ती या प्रयोगशाळेने साध्य करून एप्रिल २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला सुपूर्द केली. अशा पात्याचे सोल्युशनिंग त्याच्या वितळबिंदूच्या इतक्या जवळ करावे लागते, की तापमान एका झटक्यात चढविले तर ओतकामात मागे राहिलेली मिश्रणाची विषम जागा प्रथम वितळते आणि पाते वाया जाते. म्हणून कित्येक पायऱ्यांनी, थांबत थांबत, तेराशे अंशांच्या आसपास पोहोचावे लागते. ही पाती आपल्या माणसांनी आपल्या भट्ट्यांत केली, याबद्दल या देशाने जितका आनंद मानावयास हवा होता तितका मानला नाही, असे मला वाटते. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात भारतीय अग्निबाणांची विकास इंजिने वर्षानुवर्षे तयार होत आहेत. गोव्यात कुंकळ्ळी येथे निकेल शुद्ध करणारा देशातला दुर्मीळ कारखाना आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय (आताचे सीओईपी विद्यापीठ), नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था आणि पवईची आयआयटी या तिन्ही ठिकाणी धातुशास्त्राचे जुने विभाग आहेत. सामग्री आहे, माणसे आहेत. उणीव आहे ती दीर्घ मुदतीच्या चिकाटीची.

या चिकाटीचे एक उदाहरण जपानमधले आहे. तेथील राष्ट्रीय धातुसंशोधन संस्थेने १९६६ साली विसर्पणाच्या चाचण्यांची एक योजना आखली. १९६९ साली एक पोलादी नमुना तापवून आणि ताण देऊन यंत्रावर चढविला गेला, आणि ती चाचणी २०११ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहूनही अधिक काळ, चालू राहिली. ज्याने ती चढविली तो निवृत्त झाला असेल, अनेक संचालक आले-गेले असतील, सरकारे बदलली. तो नमुना मात्र यंत्रावर तसाच टांगलेला होता, आणि त्याची मोजणी होत होती. अतिप्रगत औष्णिक वीजकेंद्रासाठी ७१० अंशांच्या वाफेचे जे संशोधन आपल्याकडे झाले आहे, त्यात निकेलच्या नळ्या एक लाख तास टिकतील की नाही हे ठरवावे लागते; आणि एक लाख तास म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ होतो. गणिताच्या साहाय्याने लहान चाचणीवरून मोठ्या मुदतीचा अंदाज बांधता येतो हे खरे, तरी त्या अंदाजाची रुजुवात शेवटी प्रत्यक्ष काळानेच होते. आपले संशोधन अनुदान तीन वर्षांचे किंवा पाच वर्षांचे असते, आणि त्या मुदतीअखेर अहवाल मागविला जातो. ज्या चाचणीला अकरा वर्षे लागतात ती अशा दप्तरात बसतच नाही. मग ती कोणी सुरूच करीत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, देशात इंजिनांची मागणीच थोडी आहे, तेव्हा एवढ्या भट्ट्या आणि एवढ्या प्रयोगशाळा कोणाच्या उपयोगाच्या? हा आक्षेप वरवर पाहता व्यवहारी वाटतो. परंतु जहाजांच्या डिझेल इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून तेलविहिरींच्या सामग्रीपर्यंत, आणि वायू-टर्बाइनच्या वीजकेंद्रांपासून अग्निबाणाच्या पंपांपर्यंत, हेच निकेल आणि हीच भट्टी लागते. परदेशी विमानकंपन्यांनी भारतातून घडीव भाग खरेदी करावेत असे आपले शासन सतत सांगत असते. त्या कंपन्या कामाचा हुकूम देण्यापूर्वी प्रथम जे पाहतात ते भट्टीच्या सर्वेक्षणाचे दाखले. ते नसतील तर घडाई येथे होते आणि संस्करणासाठी माल परदेशी पाठवावा लागतो, आणि मोलाचा भाग तिकडेच राहतो.

म्हणून माझे मागणे थोडके आणि नेमके आहे. संरक्षण, अवकाश आणि ऊर्जा खात्यांनी निकेलप्रधान मिश्रधातूंच्या उष्णतासंस्करणाची निविदा वजनावर काढणे थांबवावे; दर भट्टीच्या तासांवर आणि सादर केलेल्या नोंदींवर ठरवावा, आणि नोंदींची फेरतपासणी त्रयस्थाकडून करवून घ्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि तंत्रनिकेतनांतून भट्टीचालन व तापमापन यांचा स्वतंत्र, प्रतिष्ठित अभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि तो पूर्ण करणाऱ्याला टर्नर-फिटरच्या खालचे नव्हे तर त्यांच्या बरोबरीचे वेतन मिळावे. महाराष्ट्र शासनाने पुणे, नागपूर आणि मुंबई येथील तिन्ही धातुशास्त्र विभागांना मिळून एक विसर्पण-चाचणी केंद्र द्यावे, आणि त्याच्या खर्चाची तरतूद निदान पंधरा वर्षांसाठी एकदम मंजूर करावी, म्हणजे पहिला नमुना यंत्रावर चढविणाऱ्या तरुणाला तो उतरवतानाही तेथे हजर राहता येईल. ज्या उद्योजकांनी हा लेख वाचला असेल त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या भट्टीवाल्याकडून पुढचे बिल घेताना वजनाच्या आकड्याआधी चार्ट मागावा, तो शेवटपर्यंत वाचावा, आणि त्यावर ज्याची सही आहे त्याला एकदा भेटावे.